मावशींचं मत

"खरं सांगू का बरं सांगू?"

कुठल्याही पुस्तकाविषयी विचारलं की मावशी आधी एवढंच म्हणायच्या. पुस्तक छातीशी धरलेलं, पानांत बोट घातलेलं आणि नजर समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावर. मुली एका सुरात ओरडायच्या, "खरं!" मग मावशी मांडी घालून बसायच्या आणि त्या लेखकाची काही खैर नसायची.

मी हे सगळं व्हरांड्यातून ऐकलेलं आहे. आत जाऊन बसायला मला कुणी मनाई केली नव्हती. पण मी त्या कॉलेजची ग्रंथपाल. मुलींनी काय वाचावं हे सांगणं माझं काम, आणि ऐकायला मुली जमायच्या त्या वसतिगृहाच्या मावशींपुढे. मग कधी रेक्टरबाईंना निरोप द्यायच्या निमित्ताने, कधी नुसतीच नळ बघायला आल्यासारखी मी तिथल्या खांबाआड उभी राहायची. तुम्हीही कधी कुणाचं बोलणं असं खांबाआडून ऐकलं असेल, तर मला काय वाटायचं ते वेगळं सांगायला नको.

मावशींचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या वारल्या त्याला आता वर्ष होत आलं, आणि 'तुमच्यावर लिहू का' असं विचारायचं राहून गेलं.

आमचं कॉलेज फलटणचं. मागच्या बाजूला मुलींचं वसतिगृह. मावशी तिथे फाटक उघडण्यापासून आजारी मुलीला पेज करून देण्यापर्यंत सगळं बघायच्या. मूळच्या माणदेशातल्या, धनगराच्या घरच्या. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, जिथे बसेल तिथल्या शाळेत चार महिने, असं करत करत सातवी झालेल्या. नवरा लवकर गेला, एकुलत्या लेकीचं लग्न झालं, आणि मग पन्नाशीच्या आसपास त्यांना वाचायचा नाद लागला. तो कसा लागला, हे त्या स्वतःच सांगायच्या.

"पोरी जेवाया खाली येईनात. हाका मारून घसा बसला. वर जाऊन बगते तर एकेक जण पुस्तकात तोंड घालून पडलेली. म्हटलं, आमटी गार झाली तरी चालतीया, आसं हाय तरी काय ह्यात? एकीचं घिऊन बसले. दुसऱ्या दिवशी माजीच आमटी करपली."

ती पुस्तकं म्हणजे हल्लीच्या मुली वाचतात ती. कॉलेजातली प्रेमं, भुतं, जादूची राज्यं, खून आणि त्याचा तपास. काही मराठीत लिहिलेली, बरीचशी अनुवादित. वसतिगृहातली संपली तशा मावशी वाचनालयात आल्या. वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांना कार्ड द्यायचं नाही असा नियम होता. मी म्हटलं, "माझ्या कार्डावर न्या." तेव्हा मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं. वाटलं, हळूहळू यांना चांगल्या साहित्याकडे नेऊ.

मावशी कुठेही गेल्या नाहीत. उलट मुलींनाच त्यांनी आपल्याकडे वळवलं.

रविवारी दुपारी मेसच्या मागच्या पडवीत सतरंजी पडायची. मावशी कुणाच्या तरी केसांतला गुंता सोडवत बसलेल्या असायच्या आणि दहा-बारा मुली भोवती. एका रविवारी एका श्रीमंत, तुसड्या नायकाची पाळी होती.

"पैल्या भेटीत हिची पुस्तकं पाडतो. दुसऱ्या भेटीत टाकून बोलतो. तिसऱ्या भेटीत कळतं, त्याची आई ल्हानपणीच वारली. आता आई वारली म्हनून दुसऱ्याच्या लेकीची पुस्तकं पाडायची व्हय? माजी आई गेली तवा मी आठ वर्साची व्हते. म्या कुनाचं काय पाडलं?"

एका कादंबरीतल्या मुलाच्या खांद्यावर जन्मखूण होती आणि म्हणून तोच राज्य वाचवणार होता. मावशींना ते काही केल्या पटेना. "खूण हाय म्हनून त्यो राजा? आमच्यात खूण मेंढराला करत्यात. हरवू नये म्हनून."

प्रेमात पडलेल्या भुताला त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं होतं. "भूत हायस तर भुतावानी वाग की, ह्यो कविता करतोय!" आणि एक जाडजूड कादंबरी, जिच्यात एका मुलीमागे दोन मुलं असतात आणि तिचं काही ठरत नाही, ती मिटून त्या म्हणाल्या होत्या, "समदं मान्य. पन साडेतीनशे पानांत ही पोरगी एकदाबी परीक्षेला भ्याली न्हाई. तुमी भेता का न्हाई? मग ही कुठल्या कॉलेजात हाय त्ये इचारून घ्या, तुमचीबी नावं तिकडंच घालू."

आवडलेल्या पुस्तकांविषयी मात्र त्या फार कमी बोलायच्या. एक कादंबरी होती, आजारी मुलीची. ती मुलगी शेवटी मरते. मावशी म्हणाल्या, "मरनार ह्ये पैल्या पानावरच सांगितलंय त्यानं. तरी मला रडावलं. लबाड हाय, पन हातात हुन्नर हाय." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरपुढे त्या पुस्तकासाठी रांग.

आता मी काय करत होते ते सांगते. वाचनालयाच्या दारात मी 'या आठवड्याचे पुस्तक' असा फलक लावला होता. सुवाच्य अक्षरात, चार ओळींच्या परिचयासह. पहिल्या वर्षाच्या मुलींपुढे दर जूनमध्ये माझं भाषण व्हायचं. लोकप्रिय कादंबऱ्या ही पायरी आहे, पायरीवर थांबायचं नसतं, वर चढायचं असतं, असं मी सांगायची. एका वर्षी सभागृहाच्या दाराशी मावशी उभ्या होत्या. भाषण संपल्यावर मुलींच्या घोळक्यात त्या मला अगदी प्रेमाने म्हणाल्या, "लय ग्वाड बोलला बाई. पन पायरीवर बसूनबी बरं वाटतं की."

मुली हसल्या. मीही हसले. घरी जाईपर्यंत माझा जबडा दुखत होता.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी असते. मी एकटी असताना कपाटांतून पुस्तकं काढून त्या चिठ्ठ्या बघायची. मावशींनी वाखाणलेल्या पुस्तकाची चिठ्ठी भरलेली, तिच्यावर दुसरी चिकटवलेली, पुठ्ठा सुटलेला. मी फलकावर लिहिलेल्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर दोन शिक्के, त्यातला एक माझा. हे बघायची मला सवयच लागली. दुखरा दात जिभेने पुन्हा पुन्हा चाचपावा तसं.

आणि मुलींचं जाऊ द्या. एका दुपारी मी वसतिगृहात गेले, तर मावशी पायरीवर बसून वाचत होत्या. समोर निवडायला घेतलेल्या तांदळाचं ताट तसंच. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मी समोर उभी होते, तरी त्यांनी मला पाहिलं नाही. मी हातात पेन्सिल घेतल्याशिवाय वाचू शकत नसे. किती वर्षं झाली मी असं वाचलं नव्हतं, कुणास ठाऊक. त्यांच्या हातातलं पुस्तक साधं होतं, मी ते आधी वाचून 'सामान्य' असा शेरा मारलेला होता. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही. मला त्यांचा हेवा वाटला, आणि हेव्याबरोबर थोडा रागही आला.

हे इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मीही एक कादंबरी लिहिली होती.

कुमारवयीन मुलींसाठी. सांगली माझं माहेर, तिथल्याच एका छोट्या प्रकाशकाने ती काढली. नाव सांगत नाही, सांगूनही तुम्हाला ओळखीचं वाटणार नाही. सांगलीत प्रकाशन समारंभ झाला, नातेवाइकांनी पेढे वाटले. शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या चार मुलींची गोष्ट. त्या अडचणींवर मात करतात आणि शेवटी विज्ञान प्रदर्शनात पहिल्या येतात. कॉलेजच्या वाचनालयात तिच्या दोन प्रती होत्या. त्यांच्या चिठ्ठ्या मी बघत नसे.

एके दिवशी मावशी पुस्तक बदलायला आल्या तेव्हा मी ती त्यांच्यापुढे ठेवली. "ही वाचा. सावकाश वाचा."

"तुमी लिवलीया?" त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला. माझ्या नावावर त्यांचं बोट थांबलं. "अगं आई गं! आन् इतके दिवस बोलला न्हाई व्हय?"

मग मी वाट बघत राहिले. एक रविवार गेला, दुसरा गेला. खांबाआडून मी ऐकत होते, पण सतरंजीवर माझ्या पुस्तकाचा विषय नाही. मावशी वाचनालयात यायच्या बंद झाल्या. तिसऱ्या आठवड्यात मीच त्यांना आवारातल्या चिंचेखाली गाठलं.

"वाचलीत का?"

"वाचली की."

"मग?"

मावशी इकडेतिकडे बघायला लागल्या. त्यांना असं चुळबुळताना मी कधी पाहिलं नव्हतं. हळूच म्हणाल्या, "बरं सांगते बाई. अक्षार लय मोटं हाय, डोळ्याला तरास न्हाई."

"मावशी, मुलींना सांगता तसं सांगा."

त्यांनी मोठा श्वास घेतला. "त्यातल्या पोरी तुमाला भिऊन वागत्यात."

मला कळलं नाही. "मला? मी कुठे आहे त्यात?"

"तुमी न्हाई, त्येच म्हनते. तुमी कुटं दिसत न्हाई, पन त्या चौघीबी सारक्या तुमच्याकडं बगत्यात. एकीनंबी खोटं बोललेलं न्हाई. एकीचंबी डोस्कं फिरलं न्हाई. चौघी सरळ बसून चांगलं चांगलं बोलत्यात. तुमी पुस्तक मिटलं ना बाई, की मग त्यांची खरी गोष्ट सुरू हुईत आसंल."

मी "बरं" म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्या पुस्तकाविषयी कुणीही इतका विचार केला नव्हता. आणि ते इतकं बरोबर होतं की मला त्यांच्यासमोर उभं राहवेना. मावशी मागून म्हणाल्या, "राग आला का वो बाई?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि चालत राहिले.

पंधरा दिवसांनी खंडाळा तालुक्यातून एका मुलीचे वडील कॉलेजात आले. मुलीचं नाव शीतल. दुसऱ्या वर्षाला होती, हुशार, अबोल. सुट्टीला घरी गेली तेव्हा तिच्या पिशवीत त्यांना एक कादंबरी सापडली होती. मुखपृष्ठावर एक मुलगा आणि एक मुलगी, हातात हात. आत आमच्या वाचनालयाचा शिक्का. प्राचार्यांनी मला बोलावलं. मावशींनाही बोलावलं.

वडील साधा माणूस. पांढरा सदरा, हातात टोपी, आवाज चढलेला. "सायेब, मी पोरगी शिकाया ठिवलीया. ह्ये शिकाया? भावकीत आदीच बोलत्यात, पोरीला लांब ठिवली म्हून. आजच्या आज दाखला द्या. तिला घिऊन जातो, आन् येत्या सुगीत उजवून टाकतो."

शीतल भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

प्राचार्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "मॅडम, हे आपलं आहे?"

ते पुस्तक मला चांगलं माहीत होतं. त्यातला मुलगा आणि मुलगी एकमेकांना अभ्यासाला मदत करतात. एकदा हात धरतात, तेही रस्ता ओलांडताना. मी ते दोनदा वाचलं होतं, आणि दुसऱ्यांदा, मावशींना तसं रडत वाचताना पाहिल्यानंतर, पेन्सिल न घेता. मी एवढं बोलले असते तरी पुरलं असतं. आणि ते माझ्या कार्डावर गेलेलं होतं, हेही मला माहीत होतं. म्हणजे कागदोपत्री ते पुस्तक मी नेलेलं होतं.

मी म्हणाले, "आपलंच आहे सर. पण शीतलला दिल्याची नोंद नाही. वसतिगृहात मावशी मुलींना अशी पुस्तकं वाचायला देतात. त्यांनाच विचारा."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मी तो कसा निवडून घेतला होता ते मला ठाऊक आहे.

मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या थेट शीतलच्या वडिलांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "म्या दिलं, दादा. तिनं मागितलंबी नव्हतं. पोरगी सा म्हैन्यापास्नं घराच्या आठवनीनं रडत व्हती, म्हून म्या दिलं. चूक माजी. मला काय बोलायचं त्ये बोला. पन दाखला काडू नका. वर्गात पैली येती ती. तिला शिकू द्या, तुमच्या पाया पडते."

आणि खरोखर त्या वाकल्या. त्या माणसाने घाईने पाय मागे घेतले. "आवं, काय करताय ह्ये," म्हणाला. त्याचा चढलेला आवाज तिथेच उतरला.

दाखला निघाला नाही. पण काहीतरी कारवाई दिसायला हवी होती. आठ दिवसांत मावशींची शिरवळला बदली झाली. तिथे हमरस्त्यालगत आमच्याच संस्थेची शाळा आहे, तिथे शिपाई म्हणून. जाताना त्या वाचनालयात आल्या. माझ्या कार्डावरची तीन पुस्तकं काउंटरवर ठेवली, वर माझं कार्ड ठेवलं. "समदी हायती का बगून घ्या बाई," म्हणाल्या. मी बघितल्यासारखं केलं. निघताना त्या दारात थांबतील, काही बोलतील असं मला वाटत होतं. त्या थांबल्या नाहीत.

माझं नाव त्यांनी का घेतलं नाही, याचा मी फार विचार केला. आधी वाटलं, त्यांनी मला वाचवलं. पण तसं काही नव्हतं. त्या खोलीत त्यांना फक्त शीतल दिसत होती. माझं नाव घेतलं असतं तर बोलणं माझ्याकडे वळलं असतं, आणि पोरगी बाजूला राहिली असती. मी त्यांच्या हिशेबातच नव्हते. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला शीतलचासुद्धा हेवा वाटला. माझ्यासाठी कुणी असं वाकलं नव्हतं.

मावशी शिरवळला गेल्यावर मी रविवारची बैठक स्वतःकडे घेतली. सतरंजी तीच, जागा तीच. रेक्टरबाईंनी सूचना लावली म्हणून मुली आल्या. रांगेत बसल्या, पाठी ताठ. मी एका चांगल्या कादंबरीवर बोलले आणि विचारलं, "कशी वाटली?" एक म्हणाली, "छान आहे मॅडम." दुसरी म्हणाली, "त्यातून खूप शिकायला मिळतं मॅडम." सगळ्या माझ्याकडे सारख्या बघत होत्या. मला एकदम चिंचेखालचं मावशींचं बोलणं आठवलं. तिसऱ्या रविवारी मी डोकं दुखतंय असं सांगितलं आणि परत गेले नाही.

एकदा मी शिरवळलाही गेले. लोणंदला गाडी बदलून, दुपारच्या उन्हात शाळेसमोर उतरले. पिशवीत दोन नवी पुस्तकं. फाटकाच्या आत मावशी खराट्याने आवार झाडताना दिसल्या. पाठमोऱ्या. कंबरेवर एक हात, मध्येच थांबून पाठ सरळ करत होत्या. वसतिगृहात त्यांना असलं काम नव्हतं. मी रस्त्याच्या पलीकडे पाव तास उभी राहिले. कंपन्यांच्या गाड्या धडाधड जात होत्या. मग मी पुढची एसटी पकडून परत आले. पुस्तकं तशीच पिशवीत.

त्यानंतर मात्र मला राहवेना. मी प्राचार्यांना लिहून दिलं, की ते पुस्तक माझ्या कार्डावर गेलं होतं, त्यात वाईट काही नव्हतं, आणि त्या दिवशी मी गप्प बसले. त्यांनी कागद वाचून घडी घातली. "मॅडम, मिटलेलं प्रकरण कशाला उकरताय? पालक शांत आहेत, मावशींची काही तक्रार नाही." तो कागद खणात गेला आणि तिथेच राहिला.

मग एका रविवारी दुपारी मी वसतिगृहात गेले. खांबाआड न थांबता पडवीत गेले. सूचना नव्हती, तरी सतरंजी पडलेली होती आणि मुली जमलेल्या होत्या. मला बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कार्ड माझं होतं हे सांगितलं. मी काय म्हणाले आणि काय म्हणाले नाही, तेही सांगितलं. शीतल समोरच होती.

एक मुलगी तोंड फिरवून आत निघून गेली, तिच्यामागून आणखी दोघी. मग शीतलने विचारलं, "मावशींना माहीत होतं, कार्ड तुमचं होतं ते?"

"हो. कार्ड त्यांच्याकडेच असायचं."

"आम्हाला त्या कधीच बोलल्या नाहीत," शीतल म्हणाली. "दर रविवारी फोन होतो, तरी."

"कसला फोन?"

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मग मला कळलं. मावशींची बदली झाल्यापासून एकही रविवार चुकला नव्हता. साडेचारला शिरवळहून फोन यायचा. मुली पुस्तकं एसटीने पाठवायच्या, मावशी वाचून परत पाठवायच्या. मी रांगेत बसवून कादंबऱ्या समजावत होते, तेव्हाही मुली घड्याळाकडे बघत होत्या ते यासाठी.

मी जायला वळले. शीतल म्हणाली, "बसा हवं तर." तिचा आवाज काही फार गोड नव्हता. मी मागे, भिंतीशी बसले.

मेसमधलं स्टीलचं मोठं रिकामं पातेलं मुलींनी मध्ये आणून ठेवलं होतं. फोन वाजला तसा तो स्पीकरवर टाकून पातेल्यात ठेवला. त्यात आवाज घुमतो, मोठा होतो. पातेल्यातून मावशी बोलू लागल्या. "ऐकू येतंय का गं? आज वारं लय हाय हितं."

त्या दिवशीचं पुस्तक दोन बहिणींचं होतं. थोरली गुणी, कामाची. धाकटी उनाड, पण सगळ्यांची लाडकी. धाकटीची लांबच्या शाळेत निवड होते. निवडीचं पत्र थोरलीच्या हातात पडतं आणि ती ते लपवते. मी ते वाचलं होतं. मुलींनी थोरलीला झोडपून काढलं. दुष्ट, खडूस, विषारी, एकेकीने एकेक विशेषण दिलं. मावशी ऐकत होत्या, मध्येच हुंकार देत होत्या. मग म्हणाल्या, "बरं. थोरलीच्या बाजूनं कुनीच न्हाई व्हय?"

कुणीच नव्हतं. मी इथे आहे हे मुलींनी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मी बोलले नसते तर त्यांना कधी कळलंही नसतं.

"मी बोलू का?" मी म्हणाले.

पातेल्यातून नुसता वाऱ्याचा आवाज. मग, "कोन? बाई?"

"हो."

"बोला की मग."

मुली माझ्याकडे वळल्या होत्या. हातात पेन्सिल नव्हती, टिपण नव्हतं. मी म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय, पत्र लपवल्यावर थोरलीला आनंद होतो. ते चुकीचं आहे मावशी. आनंद नाही होत."

"मग काय हुतं?"

"काहीच होत नाही. आपल्याला वाटतं, आता सगळे आपल्याकडे बघतील. दुसऱ्या दिवशी उठलं तर सगळं होतं तसंच असतं. फक्त धाकटी आपली राहिलेली नसते."

शिरवळच्या रस्त्यावरून एखादी अवजड गाडी गेली असावी, तिची घरघर पातेल्यात येऊन विरली. मला वाटलं फोन बंद झाला.

"ह्ये लिवायला पायजे व्हतं बगा त्यानं," मावशी म्हणाल्या. "ह्येच ऱ्हायलं त्या पुस्तकात. मी आठ दिस इचार करतीया, काय ऱ्हायलं म्हून." मग थोडं थांबून, "लांब बसलाय का बाई? आवाज बारीक येतोय तुमचा."

शीतलने हात लांबवून पातेलं माझ्याकडे सरकवलं.